माइकशिवाय, सत्तर माणसांत, दोन दिवस: रामटेकला शास्त्रीय बैठकींचा उत्सव करावा का?

मंद्रसप्तक (धागाकर्ती, नागपूर)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारी गोष्ट आज इथे मांडते.

वसंतराव देशपांडे सभागृह असो, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह असो की चिटणवीस सेंटर, चांगला कार्यक्रम असला की मी जातेच. पण घरी परतताना दर वेळी वाटतं की आपण गायकाला ऐकलंच नाही, स्पीकरला ऐकलं. गायक उजेडात, आपण अंधारात आणि मधे मोठाले काळे खोके. खालच्या सप्तकातल्या, म्हणजे मंद्र पंचमावर आवाज कसा टेकला, समेआधी (तालाच्या पहिल्या मात्रेआधी) गायक आणि तबलजींची नजरानजर कशी झाली, हे पंधराव्या रांगेतून कळत नाही. ख्यालगायन तर याच गोष्टींवर उभं आहे.

म्हणून एक छोटा उत्सव करावा असं वाटतं. दोन दिवस, एखादं लहान गाव, एक बरी घुमणारी खोली, फार तर ७० श्रोते. माइक नाही. मागे दोन खरे तंबोरे, हाताने छेडलेले. चार-पाच कलावंत, आणि ते दोन्ही दिवस तिथेच राहणार, एकमेकांचं ऐकणार. गाऊन झालं की गाडीत बसून विमानतळ, असं नको.

माझ्या डोळ्यांसमोर रामटेक आहे. नागपूरहून साधारण ५० किलोमीटर, तासाभराचा रस्ता, आणि रात्री खरोखरची शांतता. घरचे म्हणतात, नागपुरातल्याच महाल भागातला एखादा वाडा बघ, लोकांना सोयीचं पडेल. तुम्हाला काय वाटतं? लोक येतील का? आणि माइकशिवाय आजच्या कलावंतांना आणि आजच्या कानांना हे झेपेल का?

सक्करदरा_चौक
येईन. तारीख सांगा फक्त.

फेडर
ताई, कल्पना छान आहे, पण माइकला खलनायक करू नका. पंचवीस वर्षं ध्वनिव्यवस्थेचं काम करतो, म्हणून बोलतो. माइक नव्हता तेव्हा नाटकातल्या गायकांना शेवटच्या बाकापर्यंत आवाज फेकावा लागायचा. माइक आल्यावर हळू गाणं, कुजबुजल्यासारखी मींड घेणं (एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं) मोठ्या सभागृहात शक्य झालं. आज आपण ज्यांना हळवे गायक म्हणतो त्यातल्या कितीजणांची गायकी माइकच्या आधाराने घडली आहे. खराब असते ती ध्वनिव्यवस्था. तबला एवढा वर ठेवतात की सारंगी हरवते, आणि वरून खोटा घुमारा ओततात.

दुसरं, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती थोडा परत देतात, तरी सातव्या-आठव्या ओळीनंतर सतारीचे बारीक काम जाणारच. ७० माणसं बसवायची तर लांबट खोली घेऊ नका. गायकाला लांब भिंतीच्या मध्यावर बसवा आणि तिन्ही बाजूंनी माणसं.

मंद्रसप्तक
फेडर, तिन्ही बाजूंनी बसवण्याचं एकदम पटलं. माइकबद्दल मात्र मी ठाम आहे. मोठ्या सभागृहात तो हवाच, ७० माणसांत नको.

ठेका_तीनताल
मी तबला वाजवतो, म्हणून माझ्या बाजूने लिहितो.

माइक नसला की सर्वांत जास्त जबाबदारी आमच्यावर येते. तबला मुळातच सतारीपेक्षा, सरोदपेक्षा मोठा. माइकवर वाजवायची सवय असलेला तबलजी खोलीत तसाच वाजवू लागला तर समोरचा कलावंत बुडाला. हात हलका ठेवून, किनारीवर स्वच्छ बोल काढून, डग्ग्याची (डाव्या हाताच्या तबल्याची) घुमक आवरून साथ करणं ही वेगळी तालीम आहे. जुन्या लोकांना ती होती. आता शिकवताना कुणी सांगत नाही, कारण वेळ पडत नाही. असा उत्सव झाला तर आमच्या पिढीला ती शिकावी लागेल, हाच मला त्याचा मोठा फायदा वाटतो.

व्यवहाराची गोष्ट: वाद्यं तासभर आधी त्याच खोलीत आणून ठेवा. ७० माणसं बसली की खोली उबदार होते, तंबोऱ्याच्या तारा उतरतात, श्वासाच्या दमटपणाने तबल्याची पुडी (वरचं चामडं) सैल पडते. दर तासाला मिळवणी करायला वेळ ठेवा आणि श्रोत्यांना ते आधीच सांगा, म्हणजे चुळबुळ होणार नाही. बाईंचा स्वर काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) आणि बुवांचा काळी एक असेल तर तबलेही वेगळे लागतील आणि तंबोऱ्यांच्या जोड्याही. त्या कुठून आणणार ते आत्ताच ठरवा.

धंतोलीची
गुडघ्यांचा विचार करा हो. गादीवर तीन तास बसणं साठीच्या पुढच्या माणसांना जमत नाही, आणि शास्त्रीय ऐकायला येणारे बरेचसे तेच. भिंतीला लागून खुर्च्यांची एक रांग असू द्या. आणि बायकांसाठी स्वच्छ संडास. गावात दोन दिवसांचा कार्यक्रम म्हटला की माझा पहिला प्रश्न हाच असतो, राग कोणता याच्या आधी.

गडावरचा (रामटेक)
तुमी सगळे नागपूरवाले आमचं गाव ठरवून राहिले, तर मीपण बोलतो जी.

गाव चांगलं आहे. गडमंदिर आहे, अंबाळा तलाव आहे, खिंडसी आहे. कालिदासानं मेघदूत याच डोंगरावर लिहिलं असं आम्ही मानतो, स्मारक आहे, १९९७ पासून त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. म्हणजे बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला पुष्कळ आहे. पण माझा प्रश्न दुसराच. ७० जागांपैकी रामटेकच्या माणसाला किती? नागपूरहून ७० जण गाड्या घेऊन आले, बसले, वाहवा केली अन् गेले, तर गावाला काय भेटलं? पार्किंगचा त्रास.

सक्करदरा_चौक
काका, पण गावात शास्त्रीय ऐकणारे निघतील का तेवढे?

गडावरचा
का नाही निघणार? आमच्या इकडं लोक रात्र-रात्र खडी गंमत, दंडार असे लोकनाट्याचे खेळ पाहत बसतात. भजनी मंडळात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं म्हणणारी पोरं आहेत, त्यांचा ताल तुमच्या सभागृहातल्या टाळ्या वाजवणाऱ्यांपेक्षा पक्का आहे. एका जागी बसून ऐकायची सवय गावाला शहरापेक्षा जास्त आहे. फक्त कोणी बोलावलं पाहिजे, अन् मागच्या ओळीत नाही बसवलं पाहिजे.

मंद्रसप्तक
गडावरचा काका, हे तुम्ही लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. निम्म्या जागा रामटेकच्या, आणि पहिल्या ओळीपासून. हे आजच पक्कं धरा.

उत्तरेकडचा (मूळ वर्ध्याचा)
नोकरीमुळे काही वर्षं फिनलंडमध्ये होतो. तिथे रशियाच्या सीमेजवळ कुह्मो नावाचं छोटं गाव आहे, जंगल आणि तळी यांच्यामधे. तिथे १९७० पासून दर जुलैमध्ये चेंबर म्युझिकचा उत्सव होतो. सेप्पो किमानेन या चेलोवादकाने तो सुरू केला. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीत वाजवायचं संगीत: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो अशी चौकडी, कधी पियानो जोडीला. पुढे काठी हलवणारा संचालक नाही, चौघं एकमेकांच्या डोळ्यांकडे बघून सुरुवात करतात. आपल्या बैठकीत जे चालतं तेच.

मला आवडलं ते हे की सुरुवातीला तिथे खास सभागृहच नव्हतं. शाळांच्या सभागृहात कार्यक्रम व्हायचे. नवी इमारत झाली ती १९९३ मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं त्यांनी आधी श्रोते आणि सवय तयार केली, वास्तू नंतर. वादक तिथेच राहतात आणि रोज नव्या जोड्या जमवून वाजवतात.

ऑस्ट्रियातल्या लॉकेनहाउसचंही असंच. व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांनी १९८१ मध्ये तिथल्या पाद्र्यांच्या मदतीने उत्सव सुरू केला. कुणी काय वाजवायचं हे फार आधी जाहीर करत नाहीत, तालमीतून ठरतं. ही पद्धत आपल्याला जास्तच जमेल, आपल्याकडे राग आयत्या वेळी ठरवायची परंपराच आहे.

फेडर
उत्तरेकडचा, मग रामटेकला एक बैठक त्या चौकडीची ठेवू या की. हायडन या जुन्या युरोपीय संगीतकाराची एखादी रचना. माइक नको म्हणणाऱ्या ताईंना त्याहून शुद्ध उदाहरण मिळणार नाही.

सारंग_दुपारचा
पहिल्याच वर्षी नको. दोन वेगळ्या परंपरा एका दिवसात ठेवल्या की बघणाऱ्याचं लक्ष तुलनेत जातं. आधी आपलं नीट होऊ द्या.

मला या सगळ्यात ज्याचा मोह पडतो ते अजून कुणी बोललंच नाही: वेळ. शहरातले कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात आणि दहाच्या आत संपतात. त्यामुळे आपण आयुष्यभर यमन, पूरिया कल्याण, बागेश्री, मालकंस एवढंच समोर बसून ऐकतो. ललत, तोडी, अहिर भैरव फक्त दिवाळी पहाटेला, तेही तासाभरात आटपून भावगीतांकडे वळायचं. आणि दुपारचे राग? शुद्ध सारंग, गौड सारंग, भीमपलास, मुलतानी हे मी जवळपास सगळे रेकॉर्डिंगवरच ऐकले आहेत. कुणी दुपारी बाराला सभागृह घेत नाही.

गावात दोन दिवस राहायचंच आहे, तर बैठका दिवसभर पसरून ठेवता येतील. सकाळी सहाला पहिली. अकराला सारंगाचा एखादा प्रकार, मग जेवण, मग चारला मुलतानी. सूर्यास्ताला मारवा किंवा श्री, आणि तो खिडक्या उघड्या ठेवून, म्हणजे बाहेरचा उजेड जाताना दिसेल. मारव्यात षड्जाची, म्हणजे ‘सा’ची वाट बघायला लावतात ना, ती ओढ खऱ्या सांजवेळी काय होत असेल! दिवे लावू नका म्हणा. हे नागपुरातल्या वातानुकूलित सभागृहात कुणीही देऊ शकत नाही.

एका बैठकीत एकच राग. फर्माईश नाही, शेवटी घाईघाईने भैरवी नाही. भैरवी दुसऱ्या दिवशी, सगळं संपताना, एकदाच.

ठेका_तीनताल
सारंग, वा! मारव्याच्या त्या बैठकीला साथीला मला बसवा, बाकी काही नको.

हिशोबनीस
सगळ्यांचा उत्साह बघून आनंद झाला. आता पैसे.

७० जागा, निम्म्या गावच्या. गावच्यांकडून घ्यायचे नाहीत असं धरू. उरल्या ३५. दोन दिवसांचे माणशी १,००० घेतले तर ३५,००० होतात, २,००० घेतले तर ७०,०००. त्यात चार-पाच कलावंत, तबला, संवादिनी, सारंगी, सगळ्यांचा प्रवास, राहणं, जेवण. बसत नाही. ध्वनिव्यवस्थेचं भाडं वाचतं, मंडप वाचतो, ही जमेची बाजू. तरी खड्डा उरतोच.

मिरजेला किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीत दर्ग्यात कलावंत हजेरी लावतात, तसं सेवा म्हणून गायला कुणी तयार होईल का?

ठेका_तीनताल
हिशोबनीस, इथे मी कडक बोलणार. हजेरी ही कलावंताने स्वतः होऊन द्यायची गोष्ट आहे. आपल्या परंपरेच्या मूळ पुरुषापुढे बसून गायचं, ती श्रद्धा त्याची. ती आयोजकाने बजेट जुळत नाही म्हणून मागायची नसते. आणि सेवा म्हटलं की झळ नेहमी साथीदाराला बसते. एकदा एका कार्यक्रमात मुख्य गायकाला मानाने पाकीट मिळालं आणि आम्हा दोघांना शाल-श्रीफळ. परतीचं तिकीट मी माझ्या खिशातून काढलं. तुमच्या उत्सवात निदान एवढं करा की साथीदारांची बिदागी आधी ठरवून, लेखी कळवून, कार्यक्रमाच्या दिवशीच द्या.

वऱ्हाडी_मिरची
+१. शालीनं गाडीत पेट्रोल भरता येत नाही भाऊ.

हिशोबनीस
मान्य. मग दुसरा मार्ग: वार्षिक सभासद. बैठकीला येवोत न येवोत, शंभर घरांनी वर्षाला २,००० दिले तर २ लाख उभे राहतात. नागपुरात शास्त्रीय संगीतावर प्रेम करणारी शंभर घरं निघतील, यावर माझा विश्वास आहे. प्रायोजक घ्यायचा तर गायकाच्या मागे त्याचा फलक लावायचा नाही, या अटीवर.

धंतोलीची
माझं घर धरा, पहिलं.

महालकरीण
महालातल्या वाड्याची बाजू मांडायला कुणीच नाही, म्हणून लिहिते. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, सी. रामचंद्रही त्यांच्याचकडे. म्हणजे या शहरात खोलीत बसून गाणं शिकण्या-ऐकण्याची परंपरा जुनी आहे. ती उचलून रामटेकला का न्यायची? कडीपाटाचं छत, चुन्याच्या भिंती, त्यावर सतरंज्या, यांत आवाज जसा राहतो तसा टाइल्स आणि स्लॅबच्या हॉलमध्ये राहत नाही. आणि महालात म्हातारी माणसं रिक्षाने येऊ शकतात.

फेडर
आवाजाबद्दल शंभर टक्के बरोबर. नव्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती परत परत ऐकू येते, तिथे द्रुत तान म्हणजे नुसती राळ. लाकूड आणि चुना चांगलाच. पण महालकरीण, वाड्याच्या खालून वरात गेली तर? लग्नसराईत डीजे असला तर माइक नसलेल्या गायकाचं काय? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगतात, पण आपली सूर्यास्ताची बैठक त्यात बसत नाही.

महालकरीण
वरातीचं उत्तर माझ्याकडे नाही, ते खरं. पण रामटेकला तशी खोली आहे का? जुना वाडा, धर्मशाळा, शाळा, काहीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ठरवू नका. रिकाम्या खोलीत ऐकून फसू नका, माणसं बसली की घुमारा कमी होतो.

गडावरचा
दोन जागा आहेत माझ्या नजरेत. एक लाकडी माळ्याचं जुनं घर, एक शाळेचा हॉल. घराचे मालक माझ्या ओळखीचे आहेत, विचारतो. शाळेचा हॉल पत्र्याचा आहे, पण पंखे चांगले.

फेडर
पत्रा नको, काका. मावळतीला पत्रा थंड होताना कडकड वाजतो, नेमका मारव्याच्या वेळी.

वऱ्हाडी_मिरची
जेवणाचं कोणी बोलून नाही राहिलं. दुपारी अकराच्या सारंगानंतर गोळाभात, पाटवडी रस्सा अन् सांबारवडी. पुण्याच्या पाहुण्यांना आधीच सांगा, इकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर वडीसोबत इडली शोधतील.

धंतोलीची
मिरचीताई, गोळाभात खाऊन चारच्या मुलतानीला सगळे झोपतील. दुपारी हलकं ठेवा, रात्री काय ते करा.

गडावरचा
अन् पान आमच्याकडून. रामटेकचं कपुरी पान. पण बैठकीच्या बाहेर खायचं अन् बाहेरच थुंकायचं, तेही डब्यात.

सारंग_दुपारचा
तारखांचं बोलू या का? कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला मोठी यात्रा असते, तेव्हा नको. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, त्या काळात बाहेरच्या कलावंतांना शहरात खोल्या मिळणं अवघड. उन्हाळ्याचा तर प्रश्नच नाही. आषाढाचा पहिला दिवस कालिदासामुळे मोहात पाडतो, मेघ मल्हार ऐकायला कोण नाही म्हणेल, पण पाऊस कौलांवर पडू लागला तर माइकशिवाय काही ऐकू येणार नाही, आणि दमटपणात ठेकाभाऊंचा तबला टिकायचा नाही. संक्रांतीनंतरचा जानेवारी मला बरा वाटतो.

ठेका_तीनताल
जानेवारीच. सकाळी सहाला थंडी असेल, बोटं आखडतील. कलावंतांच्या खोलीत शेगडी ठेवा.

संगीत_विशारद_दुसरं_वर्ष
मी बहुतेक इथली सर्वांत लहान. एक विचारू? तंबोऱ्यावर कोण बसणार? आमच्या क्लासमध्ये सगळं ॲपवर चालतं. खरा तंबोरा मी फक्त परीक्षेच्या वेळी धरला आहे. गायकाच्या मागे दीड तास तंबोरा धरून बसायला मिळालं तर मी रामटेकला काय, कुठेही येईन.

मंद्रसप्तक
तुझ्यासारख्यांनीच बसायचं आहे. पण आधी जवारी (तारेला घुमारा देणारा घोडीवरचा दोरा) नीट लावणं, तार एकसारखी छेडणं, गायक थांबला तरी आपण न थांबणं, याची तालीम घ्यावी लागेल. ठेकाभाऊ, कुणी शिकवणारं आहे का?

ठेका_तीनताल
आहे. माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी आहे. मुलांना बसवायला ते आनंदाने तयार होतील. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

उत्तरेकडचा
एक उरलं. मोबाइल. रेकॉर्डिंग करू द्यायचं का?

सारंग_दुपारचा
नको. समोर पडदे उभे राहिले की कलावंत सावधपणे गातो, नवं काही करून बघत नाही.

उत्तरेकडचा
मला थोडं वेगळं वाटतं. श्रोत्यांनी नको, पण एका कोपऱ्यात एक रेकॉर्डर असावा. मी इतक्या लांब असतो, मला दुसरा मार्ग नाही. आणि पन्नास वर्षांनी कुणाला तरी हवं असेल.

फेडर
एक जोडी माइक छताजवळ, फक्त नोंदीसाठी, आणि कलावंताच्या परवानगीने. ताई, हा माइक तरी चालेल ना?

मंद्रसप्तक
कलावंत हो म्हणाले तर चालेल. ऐकून झाल्यावर ठेवायचं की पुसायचं, हेही तेच ठरवतील.

सगळ्यांचं वाचून माझ्यापुरतं ठरतंय ते लिहिते. जागा रामटेक, कारण दिवसभराच्या बैठका आणि बाहेरची शांतता महालात मिळणार नाही. महालकरीण, तुमचा मुद्दा मी सोडलेला नाही. वर्षभरात अधूनमधून एखादी संध्याकाळ महालातल्या वाड्यात करू, सभासदांसाठी. पहिल्या वर्षी रामटेकलाही दोन दिवस नको, शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ एवढंच करू, म्हणजे हिशोबनीसांचा खड्डाही लहान होईल. त्याआधी जागा ऐकायला जायचं. येत्या रविवारी कोण कोण येतंय?

महालकरीण
मी येते. टाळी वाजवून बघायचं काम माझ्याकडे.

फेडर
मी गाडी काढतो. चार जण मावतील, तंबोरा असेल तर तीन.

ठेका_तीनताल
तंबोरा असेलच. आणि विशारदताई, तू ये, आईला विचारून. खोलीत तंबोरा वाजल्याशिवाय काही कळणार नाही.

संगीत_विशारद_दुसरं_वर्ष
विचारलं. आईपण येते म्हणाली.

फेडर
मग दोन गाड्या.

गडावरचा
घरमालकाशी बोललो. माळा झाडून ठेवतो म्हणाले. रविवारी नवाच्या आत मनसर ओलांडा, नंतर हायवेला गर्दी होते. मी बसस्टँडजवळ उभा राहतो. अन् ऐकायला गावचे वीसेक जण बोलावून ठेवतो, म्हणजे खोली रिकामी नाही राहणार.